मैनीच्या नावापुढचा शेरा

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. टाळलं म्हणणंही पुरतं खरं नाही. ती मी पुष्कळदा सांगितली आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितली, माझ्या निरोप समारंभात सांगितली, एकदा तर लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगितली. प्रत्येक वेळी खोटी सांगितली. ऐकणारे हळहळले, आणि त्यांच्या हळहळण्याचं मला बरं वाटत गेलं. आता एकाहत्तरावं चालू आहे. खरी गोष्ट माहीत असलेला माझ्याशिवाय दुसरा कुणी नाही, म्हणून लिहितो आहे.

आज सकाळी चंद्रपुरात परकोटाच्या भिंतीलगत फिरायला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला एक टेम्पो उभा होता, पोत्यांनी भरलेला. जवळून गेलो आणि वास आला. वाळलेल्या मोहाचा वास ज्याने घेतला आहे त्याला वेगळं सांगायला नको. जुन्या मनुकांसारखा, किंचित आंबूस, आणि त्याच्या तळाशी ओल्या लाकडासारखं काहीतरी. मी तिथेच थांबलो. टेम्पोवाल्याला वाटलं, भाव विचारायला थांबलो. "घरच्यासाठी पायजे का, बाबाजी?" त्याने विचारलं. मी नाही म्हणालो आणि घरी परतलो. घरात नातवाची परीक्षा चालू आहे. सून त्याला मोठ्याने वाचायला लावते आणि तो खिडकीबाहेर बघत वाचतो. त्याच्या वाचनात चूक नव्हती. तरी मला तिथे बसवेना.

मुलचेऱ्याच्या पुढे जंगलातल्या एका गावात मी चौदा वर्षं शाळा चालवली. दोन खोल्या, एक व्हरांडा, चार वर्ग आणि दोन शिक्षक. गाव गोंडांचं. होळी जवळ आली की गावाचं लक्ष मोहाकडे लागायचं. झाडाखालचा पाचोळा झाडून, जाळून जमीन काळी करून ठेवायची, म्हणजे पडलेलं फूल लांबून दिसतं. उजाडायच्या सुमाराला फुलं टपटप गळू लागतात. काळ्या जमिनीवर फिकट पिवळे, रसाने भरलेले थेंब. कोणतं झाड कोणाच्या घरचं हे सगळ्यांना ठाऊक असे, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नसे. घरातली सगळी माणसं, अगदी चालता येणारं पोरही, टोपली घेऊन झाडाखाली. ऊन चढायच्या आत वेचलं नाही तर गुरं खातात, अस्वल खातं, किंवा फूल तापून मऊ पडतं.

आणि याच दिवसांत आमची शाळा सकाळची होत असे. सात वाजता घंटा. ज्याने हे वेळापत्रक ठरवलं त्याने मोहाचं झाड पाहिलं नसेल. मी तर रोज पाहत होतो. मीही कधी काही बोललो नाही. हजेरीवर गैरहजेरीच्या खुणा करत राहिलो.

मैनी चौथीत होती. चैतूची मुलगी. बारीक, सावळी, कपाळावर गोंदलेला ठिपका आणि बोटं कायम मोहाने चिकट. वर्गात ती मागे बसायची. गणितं सोडवायची नाही. श्रुतलेखन तीन ओळी लिहून सोडून द्यायची. उताऱ्याखालचे प्रश्न कोरे. एकदा मी वही तिच्यासमोर धरून विचारलं, "म्हातारा कुठे गेला, याचं उत्तर का लिहिलं नाहीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वरतं लिहून हाये ना जी."

"मग खाली लिही."

"वरतं हाये त मंग खालतं काऊन?"

मी तिला उभं केलं. उद्धटपणाबद्दल. आज वाटतं, त्या वर्षात मला कुणी विचारलेला तो सर्वांत सरळ प्रश्न होता.

तिच्या वाचनाबद्दल आता जे लिहितो आहे, ते मला तेव्हाच माहीत होतं. ते नंतर कळलं असं दाखवायची माझी सवय होती, आज ती सोडतो. मुलचेऱ्याच्या बाजारातून मीठ-मिरची ज्या कागदात बांधून यायची तो कागद ती वाचायची. अंगणात मोह वाळत घालायला जुनी वर्तमानपत्रं अंथरत. फुलं बाजूला सारून सारून ती खालचं वाचत असे. ओल्या फुलांनी अक्षरं फुगलेली, पसरलेली. एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "गुरुजी, पान सहा कुठी भेटते?"

"कसलं पान सहा?"

"बाकीचं पान सहावर हाये म्हणून लिहून हाये. आमच्या घरी त पान सहा नाई."

मी हसलो आणि तिला पिटाळलं. दुसऱ्या वेळी माझ्या टेबलावर तालुक्याहून आलेलं पत्र पडलं होतं. ती समोर उभी, म्हणजे तिच्या बाजूने पत्र उलटं. तिने मान तिरपी केली आणि विचारलं, "गुरुजी, तुमची बदली नाई केली का त्याईनं?" पत्रात तेच होतं. माझा बदलीचा अर्ज नामंजूर झाला होता. मी पत्र झाकलं, तिला दुसऱ्यांचे कागद बघायचे नसतात म्हणून दटावलं. पण माझे कान तापले होते. जी मुलगी उलटं छापील पत्र क्षणात वाचते, तिला मी वर्गात काय शिकवत होतो?

त्या वर्षी शाळेत एक नवीन शिक्षिका आली होती. चंद्रपूरची, पहिलीच नोकरी. सगळे तिला मॅडम म्हणायचे, मीही. मुलचेऱ्यात खोली घेऊन राहायची, सायकलने यायची. मैनी वाचते हे तिने दुसऱ्या महिन्यातच ओळखलं. शाळेतल्या गोष्टींच्या पुस्तकांची पेटी मी कुलपात ठेवत असे. मुलं पुस्तकं फाडतात, वाळवी लागते, तपासणीला कमी भरली तर उत्तर मला द्यावं लागतं. मॅडमने किल्ली मागितली.

"फाटली तर?" मी विचारलं.

"फाटू द्या ना सर. वाचून फाटलेलं पुस्तक दाखवायला मला तरी लाज नाही वाटणार."

"मॅडम, तुम्ही नवीन आहात. दोन उन्हाळे जाऊ द्या, मग बोलू."

किल्ली मी दिली, पण हातात ठेवली नाही, टेबलावर टाकली. त्यानंतर शाळा सुटल्यावर व्हरांड्यात दहाबारा पोरं मैनीभोवती बसू लागली. ती पुस्तक मांडीवर घ्यायची, एक पान डोळ्यांनी संपवायची, मग मान वर करून ते सगळं गोंडीत सांगायची. घरीही ती हेच करायची. तिची आजी, तिला ती काको म्हणायची, डोळ्यांनी अधू झालेली. तिला एक अक्षर मराठी कळत नसे. मैनी जे वाचायला शिकली ते काकोला सांगण्यासाठी शिकली. म्हणून तिचं वाचन असं झालं होतं: आत मराठी जायची, बाहेर गोंडी यायची. मराठीतून मराठीत मोठ्याने वाचून दाखवणं म्हणजे काय, हे तिला उमगतच नव्हतं. तिच्या घरी ते कुणाच्या उपयोगाचं नव्हतं.

मॅडम मला हे समजावून सांगत असे. "सर, ती आधी वाचते, मग बोलते. आपण बोलण्यालाच वाचन म्हणतो. तिला थोडा वेळ द्या. आधी तिच्या बोलीत सांगू द्या, मग तेच मराठीत सांग म्हणा. ती सांगते, मी बघितलंय." वर्गातही ती तसंच करायची. पहिलीच्या पोरांना मैनीजवळ बसवायची. प्रश्नांची उत्तरं लिहायला न लावता, 'तू असतीस तर म्हाताऱ्याला काय विचारलं असतंस' असं लिहायला लावायची. त्या वहीची पानं भरत. मी ती पाहिली होती.

मग मी का ऐकलं नाही?

माझं गाव गोंडपिपरी तालुक्यातलं. वडील तलावात जाळं टाकायचे. आम्ही घरी मले-तुलेच बोललो. शिक्षक व्हायला शिकायला गेलो तेव्हा पहिल्याच पाठाला मी "मले असं वाटते" म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला. पुढचे सहा महिने मी मोजकंच बोललो. वर्तमानपत्रं मोठ्याने वाचून जीभ घासली. आज मी लिहितो ती भाषा मी अशी मिळवली आहे. तिच्या जोरावर मी गुरुजी झालो. म्हणून एखादं मूल स्वच्छ, खणखणीत वाचत नाही म्हणजे त्याला वाचता येत नाही, एवढंच मला शिकून ठाऊक होतं. निदान मी स्वतःला असं समजावत असे. यानेही सगळं झाकलं जात नाही, ते पुढे येईल.

फेब्रुवारीच्या शेवटी केंद्रप्रमुख तपासणीला आले. एकेका मुलाने उभं राहून उतारा वाचायचा आणि त्यांनी खूण करायची. मैनीची पाळी आली. उतारा नव्या छत्रीचा होता. एक म्हातारा बाजारातून छत्री घेतो, वाटेत पाऊस लागतो, आणि छत्री भिजू नये म्हणून तो ती काखेत दाबून भिजत पळतो. मैनी पुस्तकाकडे बघत उभी राहिली. अर्धा मिनिट. शेवटच्या बाकाजवळ उभी असलेली मॅडम काही बोलणार होती, मी नजरेने तिला थांबवलं. मग मैनीने मान वर केली आणि गोंडीत बोलू लागली. हात करून, खांदे वाकवून. सगळी मुलं एकदम हसली.

केंद्रप्रमुखांनी चष्मा काढला. "हे काय, गुरुजी? किती वर्षं झाली तुमाले इथी?"

"अकरा, साहेब."

"अकरा वर्षांत पोट्टे मराठीवर नाई आले? का तुमीच गोंड झाले?"

ते स्वतःच हसले. मीही हसलो. मैनी उभीच होती. तिला वाटलं असावं, तिची गोष्ट आवडली.

मुलं कुठे हसली हे मी ऐकलं होतं. ती ज्या जागी म्हातारा छत्री काखेत घालतो त्या जागी हसली. एक शब्दही मला समजला नव्हता, पण तिने खांदा वाकवून हात काखेत नेला तो क्षण आणि हसू एकाच वेळी आलं. त्याच मुलांना मी तोच धडा तीनदा शिकवला होता आणि ती एकदाही हसली नव्हती. म्हणजे मैनीला धडा येत होता. मुलांना येत नव्हता तो माझ्या शिकवण्यामुळे, आणि अकरा वर्षांत त्यांची बोली शिकलो नाही तो मी. हे केंद्रप्रमुखांसमोर बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी नोंदवही ओढली आणि मैनीच्या नावापुढे लिहिलं: वाचन अप्रगत, अक्षर ओळख अपूर्ण.

अक्षर सुंदर आलं होतं. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं.

मार्चमध्ये मॅडमने एक अर्ज आणला. जिल्ह्याच्या गावी एक चांगली निवासी शाळा होती. पाचवीपासून मुलींना घेत. ग्रंथालय होतं, आणि गोंडी जाणणाऱ्या दोन शिक्षिका होत्या. निवडीला मुख्याध्यापकाची, म्हणजे माझी, शिफारस लागे. मॅडमने अर्ज भरला, मैनीची ती गोष्टींची वही जोडली. पालकाची सही हवी होती. चैतूला निरोप गेला आणि तो दुसऱ्याच दिवशी सकाळी शाळेत आला. मोह ऐन भरात असताना. त्या सकाळी त्याच्या झाडाखालचं फूल तसंच पडून राहिलं असणार. मला हे तेव्हा जाणवलं, आणि मी त्याला बसही म्हणालो नाही.

तो दारातच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, पोरगी वाचते जी. जमिनीच्या पट्ट्याचा कागद आला होता, गावात कोणाले समजला नाई. तिनं वाचून सांगतलं, पंधरा दिवसांत हरकत देवा लागते म्हणून. आमी गेलो. नाई त माहा वावर गेला असता."

"असं?" मी म्हणालो.

"तिले तिथं धाडा. काको म्हणते, गेली त मले कोण वाचून सांगन? पर मी म्हनलो, जाऊ दे बुढे. तिचं डोकं इथी वाया जाऊन राह्यलं."

त्याने सही केली. सही येत होती त्याला. मैनीनेच शिकवली होती. एकेक अक्षर कोरून काढलं.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "सर, शेवटची तारीख शुक्रवार आहे. पालकाची सही, तुमची शिफारस आणि शिक्का तेवढा राहिलाय. पाठवाल ना?"

"पाठवतो," मी म्हणालो.

अर्ज ड्रॉवरमध्ये होता. मी तो रोज काढून बघत असे. शिफारस लिहायची म्हणजे 'वाचन उत्तम' लिहायचं, आणि महिन्याभरापूर्वी याच हाताने 'अप्रगत' लिहिलेलं. दोन्ही कागद तालुक्याच्या एकाच टेबलावर गेले असते. कुणी पाहिलं असतं की नाही, देव जाणे. बहुतेक नसतंच पाहिलं. पण मला केंद्रप्रमुखांचं हसणं ऐकू येत होतं. आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. मैनीची निवड झाली असती तर गावात म्हटलं गेलं असतं, मॅडमने पोरगी घडवली. अकरा वर्षांत माझ्या शाळेतून कुणी तिथे गेलं नव्हतं.

शुक्रवार आला. मैनी तीन दिवस शाळेत आली नव्हती, मोह वेचत होती. मी स्वतःला म्हणालो, बघा, मुलगी शाळेतच येत नाही, तिची काय शिफारस करायची. शुक्रवार गेला. कुणाचंच काही अडलं नाही. बाहेर ऊन होतं आणि गावावर तो गोड, जड वास बसून होता.

मॅडम परतल्यावर मी सांगितलं, "पालकाला निरोपावर निरोप धाडले. मोह सोडून येतील तर ना! सही राहिली, अर्ज राहिला." चैतू येऊन गेला होता हे तिला माहीत नव्हतं, तो आला तेव्हा ती बाजूच्या खोलीत पहिलीला शिकवत होती. ती मग म्हणाली, "मी थांबायला हवं होतं." तिने दोष स्वतःवर घेतला, आणि मी घेऊ दिला. चैतूला मी सांगितलं, अर्ज गेला, निवड झाली नाही, अभ्यास कमी पडला. दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही, आणि पुढच्या वर्षी मॅडमची बदली झाली. किल्ली मी परत घेतली.

नंतर ही गोष्ट हुशार मुलांच्या वाया जाण्याबद्दलचं उदाहरण म्हणून माझ्या तोंडात बसली. 'मोहापायी मुलीचं भविष्य गेलं. पालकच उदासीन असतील तर शिक्षक काय करणार?' असं मी सांगायचो. लोक लिहून घ्यायचे.

मैनी सातवीपर्यंत शिकली असं कळलं. मग लग्न झालं, त्याच गावात. ती आता सत्तावीस-अठ्ठावीसची असेल.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी गेलो होतो. तिला सगळं सांगायचं ठरवून. गोंडपिपरीला बस बदलली, मुलचेऱ्याला उतरलो, पुढे एका मोटारसायकलवाल्याने सोडलं. शाळेला नवा रंग दिला आहे. मैनीच्या अंगणात मोह वाळत होता, प्लास्टिकच्या निळ्या ताडपत्रीवर. तिने मला लगेच ओळखलं. "गुरुजी! या जी, बसा." खुर्ची पुसली, पाणी दिलं. भाजलेला मोह आणि तीळ कुटून केलेला लाडू पुढे ठेवला. चैतू जंगलात गेला होता. काको जाऊन बरीच वर्षं झाली. मैनीची मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, सहा-सात वर्षांची.

मी शब्द जुळवत होतो. वाक्यं मी बसमध्ये पाठ केली होती. मैनी, तुला वाचता येत होतं. मला माहीत होतं. तुझा अर्ज मी पाठवला नाही.

तेवढ्यात तीच म्हणाली, "गुरुजी, हिले पा ना जरा. शाळेत बाई म्हणते, पोरीले वाचता येत नाई. नुसती बघत राह्यते पुस्तकात." आणि हसली. अगदी सहज, मनात काही न ठेवता. "माह्यासारखीच ढ निघाली. तुमी मले केवढं शिकवलं जी, माह्याच डोक्यात नाई गेलं."

माझ्या हातात लाडू होता. मुलीने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या पिशवीवर छापलेल्या दुकानाच्या नावाकडे पाहिलं. तिचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते. मला ते दिसलं.

"लहान आहे अजून," मी म्हणालो. "येईल हळूहळू."

एवढंच. सतरा वर्षांनी त्या अंगणात बसून मी एवढंच बोललो. मग ऊन, पाऊसपाणी, गुडघेदुखी. परतीच्या बसची वेळ झाली तेव्हा ती मुलीला घेऊन रस्त्यापर्यंत पोचवायला आली. जाणाऱ्या पाहुण्याला म्हणतात तसं तिने हात जोडले आणि म्हणाली, "येजा जी गुरुजी. काई चुकलं असन त माफ करजा."

मी मान हलवली, माफ केल्यासारखी, आणि बसमध्ये चढलो.